नऊ तासांची रेघ

तुम्मास आत आला तेव्हा मी
गेल्या वर्षाचा समुद्र घासत होते.
म्हणजे स्लायडर होता हातात.
डावीकडे ओढला की लाटांना दात फुटतात,
उजवीकडे नेला की सगळं
लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं.
तोर्सहावनला जाणाऱ्या अहवालात
उजवीकडचा समुद्र असतो.
तो त्यांच्या भिंतीवर बरा दिसतो.

बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर
तो टेबलापाशी आला. या बेटावर दार कुणी वाजवत नाही.
"बारा फेब्रुवारी, रान्वा," म्हणाला. "रात्र."
पुढे काही बोलला नाही.
हजार-बाराशे माणसांच्या गावात
कुणाची कुठली रात्र, हे सगळ्यांना पाठ असतं.

खुर्ची दिली. माउसही दिला.
त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं,
बाकीची दोन दोर ओढायच्या यंत्राने कधीच नेली.
माउस मुठीतून निसटे, जिवंत माशासारखा.
चाक फिरवलं की एक आठवडाच अंगावर येई,
नाहीतर अख्खं वर्ष लांब जाऊन मुंगीएवढं होई.
"हळू," मी म्हटलं. "सुकाणू नाही हे."
"सुकाणू बरं," तो म्हणाला. "ते उलटं ढकलतं तरी.
याला वजनच नाही."

मग जमलं त्याला. दाबून धरायचं, ओढायचं.
जानेवारी डावीकडे सरकत पडद्याबाहेर गेला.
कर्सरचा छोटा पांढरा हात
पाण्यावरून चालत राहिला,
लाटेवर थांबला की चौकटीत आकडा उमटे:
चार मीटर. साडेपाच. सात.
प्रत्येक आकड्याला तुम्मास मान हलवी,
वाटेत ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

स्लायडर त्याने स्वतःच डावीकडे नेला, पार टोकाला.
एवढा नको, म्हणणार होते मी,
नुसती खरखर दिसेल.
त्याला खरखरच हवी होती.

अकरा. बारा. संध्याकाळ.
आठ मीटर चाळीस,
आणि तिथून
एक रेघ.
पट्टीने मारल्यासारखी,
रात्री साडेनऊपासून सकाळी साडेसहापर्यंत.

त्याने चाक फिरवलं. मिनिटं रुंद झाली.
रेघ रेघच.
पुन्हा फिरवलं, पुन्हा,
पडद्यावर पंधरा सेकंद उरली
आणि त्यांच्यातून आरपार तीच,
मुकाट.

"मापक उलथला होता," मी सांगितलं.
"नऊ तास मोजणीच नाही.
दोन टोकं प्रोग्रामने जोडून टाकली आहेत.
सकाळी तो आपोआप सुलटा झाला."

"आपोआप," तुम्मास म्हणाला.

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज, कॉम्प्युटरच्या आतल्या.
मग म्हणाला, "चौघं होतो आम्ही. या रेघेवर."
माउस बाजूला सारला,
तीनांतलं मधलं बोट काचेवर टेकवलं
आणि रेघेच्या वर, आलेखाच्या चौकटीच्याही वर,
मेनू ओलांडून मॉनिटरच्या काळ्या कडेपर्यंत
एक लाट काढली.
उतरताना बोट दोनदा थांबलं.
का, ते मी विचारलं नाही.

तो गेला. फरशीवर ओल्या मोज्यांचे ठसे.
अहवाल पाचच्या आत पाठवायचा होता.
मी स्लायडर उजवीकडे नेला,
सुळके बसले, फेब्रुवारी मार्चला जाऊन मिळाला.
पूर्ववतचं बटण दाबलं,
वर्ष आपल्या जागी आलं.

काचेवरचा डाग तेवढा
झूम होत नाही, सरकत नाही.
सध्या तो ऑगस्टवर आहे,
निवांत, अर्ध्या मीटरच्या ऑगस्टवर,
तेलकट.
खिडकीतून तिरपा उजेड आला की दिसतो.
पुसायचं कापड खणात आहे.